सातव्या क्रमांकाचा मान

बाद फेरीत फक्त पहिले चारच संघ असावेत, खालच्यांना संधी म्हणजे हंगामभराच्या मेहनतीवर अन्याय, हे आपल्या क्रीडा पानावरील लेखातले मत पटले नाही. ऑस्ट्रेलियाच्या वेगळ्या, गुणांवर ठरणाऱ्या फुटबॉलची म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगची २०१६ ची स्पर्धा आठवावी. वेस्टर्न बुलडॉग्ज २२ पैकी १५ सामने जिंकूनही गुणतक्त्यात सातवे होते. १५ विजय मिळवणाऱ्या संघाला कच्चे कसे म्हणायचे? पुढे त्यांनी पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवले, मग सलग तीन वर्षांच्या विजेत्या हॉथॉर्नला आणि सिडनीत ग्रेटर वेस्टर्न सिडनीला सहा गुणांनी. अंतिम सामन्यात सिडनी स्वान्सवर ८९-६७ अशी मात केली. मेलबर्नमधल्या फुटस्क्रेच्या कामगार वस्तीतल्या बुलडॉग्जचे १९५४ नंतरचे ते पहिलेच विजेतेपद. गुडघ्याच्या दुखापतीने हंगामाच्या तिसऱ्या फेरीतच बाहेर पडलेला कर्णधार बॉब मर्फी मैदानाबाहेर होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला मंचावर बोलावून स्वतःचे पदक त्याच्या गळ्यात घातले. लेखकाचा नियम असता तर बुलडॉग्जचा हंगाम महिनाभर आधीच संपला असता.

– एक वाचक, मेलबर्न