आमवाताच्या रुग्णाचा दमसासही मोजला जावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

१२ ऑक्टोबरच्या जागतिक संधिवात दिनानिमित्त आपल्या आरोग्य पुरवणीत आलेला लेख वाचला. आमवातावरच्या मेथोट्रेक्सेट या औषधाची गोळी रोज नव्हे, तर आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, हे त्यात ठळकपणे सांगितले हे फार बरे झाले. मात्र ‘सांध्यांना शक्य तितकी विश्रांती द्यावी’ हे त्यातील वाक्य मला खटकले. डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात तो आमवात मला गेली अकरा वर्षे आहे आणि त्यातील पहिली चार वर्षे मी हाच सल्ला शिरसावंद्य मानून घालवली.

त्या चार वर्षांत बोटांची सूज औषधांनी उतरली, रक्ताचे अहवाल सुधारले; परंतु महाद्वार रोडवरून भाजीची पिशवी घेऊन घरी येईपर्यंत दोनदा टेकावे लागे. वजनकाट्यावर आकडा तोच होता, म्हणून कोणाला काही वावगे वाटले नाही. या आजारात स्नायू झडतात आणि त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे वजन तेवढेच राहूनही माणूस आतून पोकळ होत जातो, हे मला फार उशिरा कळले. ‘वय झालं आता’ असे मला सांगण्यात आले तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

कोल्हापुरात दमसास हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. कुस्ती लांबली की खासबागेतला साधा प्रेक्षकही ताकदीपेक्षा कोणाचा दमसास टिकतो याकडे पाहू लागतो. हृदय, फुप्फुसे, रक्तवाहिन्या आणि स्नायू मिळून शरीराला किती प्राणवायू पुरवू आणि वापरू शकतात, त्याचेच हे माप. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये असे मत मांडले की नाडी आणि रक्तदाबाप्रमाणे हेही दवाखान्यात नियमित पाहिले जावे. आमवाताच्या रुग्णाला तर त्याची गरज अधिक आहे, कारण या आजारातील दाह सांध्यांपुरता न राहता रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरालाही इजा करतो. म्हणूनच हृदयविकाराचा नेहमीच्या पद्धतीने काढलेला धोका या रुग्णांच्या बाबतीत दीडपट धरावा, अशी युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. असे असताना आमची तपासणी मात्र बोटे, मनगटे आणि गुडघे दाबून पाहण्यावरच संपते.

माझा दमसास पहिल्यांदा मोजला तो एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी, आणि त्याला लागल्या दोन खुर्च्या, खडू आणि मोबाइलमधले घड्याळ. तीस मीटरच्या व्हरांड्यात दोन टोकांना खुर्च्या ठेवून, आपल्याला झेपेल त्या वेगाने सहा मिनिटे येरझारा घालायच्या आणि अंतर लिहून ठेवायचे, एवढीच ती चाचणी. पहिल्या दिवशी ते भरले ३१० मीटर. सायकलवर बसवून, तोंडाला मुखवटा लावून करतात त्या तपासणीची अचूकता याला नाही, हे खरे. पण सहा महिन्यांनी त्याच व्हरांड्यात ३९० मीटर झाले, तेव्हा आपण सुधारतो आहोत हे मला पहिल्यांदा आकड्यात दिसले.

व्यायामाने सांधे अधिक झिजतील ही भीती घरोघरी आहे आणि ती अगदीच निराधार नाही. नेदरलँड्समध्ये सुमारे ३०० रुग्णांवर दोन वर्षे एक अभ्यास झाला. त्यातील एका गटाने आठवड्यातून दोनदा, प्रत्येक वेळी सव्वा तास, सायकल आणि खेळांसह चांगलाच घाम गाळणारा व्यायाम केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार व्यायाम करणाऱ्यांची हालचाल करण्याची क्षमता वाढली आणि हातापायांच्या लहान सांध्यांची हानी काही वाढली नाही. मात्र ज्यांचे गुडघे, खुबे यांसारखे मोठे सांधे आधीच बरेच खराब झाले होते, त्यांच्याबाबत जपून पावले टाकावीत असेही त्यात म्हटले होते. त्यामुळे उद्यापासून जोतिबाच्या पायऱ्या चढा, असे मी मुळीच म्हणत नाही. सांधा सुजून गरम झाला असेल तर त्या दिवशी त्याला जपावे. मानेच्या वरच्या मणक्यांवरही हा आजार परिणाम करू शकतो, म्हणून शीर्षासनासारख्या गोष्टींच्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. नव्याने धाप लागू लागली किंवा छातीत दुखले, तर आधी तपासणी करून घ्यावी, कारण आमवातात फुप्फुसांनाही त्रास होऊ शकतो. एरवी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणे, आणि गुडघे कुरकुरत असतील तर जागेवरची सायकल, एवढ्यावर बराच पल्ला गाठता येतो.

आता प्रश्न उरतो तो वेळेचा. आपल्याकडे फिरायला जायचे म्हणजे पहाटे साडेपाचला रंकाळा, असा जणू दंडकच आहे. आमवाताचा रुग्ण त्या वेळी अंथरुणावर बोटांची मूठ वळते का हे पाहत असतो. सकाळचा आखडलेपणा तासभर, कधी त्याहून अधिक टिकतो. बुटाची नाडी बांधणे मला नऊच्या आधी जमत नाही. शेवटी मी नाडीऐवजी पट्टीचे बूट घेतले, पण आमच्या भागातील उद्यानाचे फाटक नऊलाच बंद होते आणि उघडते ते थेट चारला. बाहेर रस्त्यावर वाहने आणि उखडलेल्या फरश्या असल्याने तेथे चालणे आमच्यासारख्यांच्या घोट्यांना परवडणारे नाही.

म्हणून दोन विनंत्या आहेत. शहरातील संधिवाताच्या बाह्यरुग्ण विभागांनी वर्षातून निदान दोनदा प्रत्येक रुग्णाला सहा मिनिटे चालवून ते अंतर त्याच्या केसपेपरवर लिहावे. आणि उद्याने चालवणाऱ्यांनी आपली फाटके किमान साडेअकरापर्यंत उघडी ठेवावीत.

आपली नम्र,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर