तिसऱ्या बाकावरची चिठ्ठी आणि आपला अग्रलेख

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॉपीवरचा कालचा अग्रलेख मी दोनदा वाचला. मुलांची गय करणारा पर्यवेक्षक हा चिठ्ठी पुरवणाऱ्याइतकाच दोषी, असा निकाल आपण त्यात दिला असल्याने आणि त्या दोषींपैकी मी एक असल्याने हे पत्र लिहीत आहे.

मार्च 1993 मध्ये जत तालुक्यातील एका केंद्रावर दहावीच्या बीजगणिताच्या पेपरला माझ्याकडे पर्यवेक्षण होते. तिसऱ्या बाकावरील मुलाच्या कंपासपेटीत एस. टी.च्या तिकिटामागे लिहिलेली दोन सूत्रे सापडली. त्यांतले एक तर चुकीचेच होते. मी तिकीट खिशात घातले, मुलाला पहिल्या बाकावर आणून बसवले आणि उरलेला पेपर त्याने माझ्या नजरेसमोर लिहिला. केंद्रसंचालकांना कळवून अहवाल पाठवायला हवा होता, हे मला तेव्हाही ठाऊक होते. ते काम दुसऱ्या कोणीतरी तत्परतेने केले; मला 'कारणे दाखवा' नोटीस आली आणि माझी एक वेतनवाढ वर्षभर रोखली गेली. त्या शिक्षेबद्दल माझी तक्रार नाही. मी चार पानी खुलासा दिला होता, तो कोणी वाचल्याचे मात्र आजतागायत कळलेले नाही. त्याच दिवशी खिडकीतून चिठ्ठ्यांचे बोळे आत फेकणारी थोर मंडळी अहवालात कुठेच नव्हती, हेही नमूद करतो.

पेपर फोडणाऱ्यांवर 1982 चा परीक्षा गैरप्रकार प्रतिबंधक कायदा अवश्य उगारावा. परंतु आपल्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानने 1939 मध्ये वसवलेल्या या खुल्या वसाहतीत खुनासाठी शिक्षा झालेले कैदीदेखील बायकामुलांसह राहून शेती करत आले. त्यांच्यावर एका संस्थानिकाला विश्वास टाकता आला आणि पंधरा वर्षांच्या पोरावर शिक्षकाने दीड तासही टाकू नये, असे अग्रलेखकारांचे म्हणणे असेल, तर त्यांनी एकदा आटपाडीची एस. टी. धरावी.

जाता जाता आणखी एक. माझ्या मागील पत्राखाली विश्रामबागऐवजी मिरज छापले गेले, शेवटचा परिच्छेद गाळला गेला आणि त्याची दुरुस्ती सातव्या पानावर छोट्या जाहिरातींखाली दीड ओळीत उरकण्यात आली. त्यासाठी कोणाची वेतनवाढ रोखावी, असे माझे म्हणणे नाही. या वेळी गावाचे नाव तेवढे तपासून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
विश्रामबाग, सांगली