भावना मोजायच्या आणि हात ओळखायचा

कोल्हापूर
रविवार, सकाळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नववीच्या मुलांना लिहायला बसताना काय वाटतं हा तुझा एक विषय, आणि त्यांनी आणून दिलेला निबंध त्यांचाच असतो का हा दुसरा. दोन्हीसाठी तू दोन वह्या घातल्यास. माझं ऐक, वही एकच ठेव. आपल्याला हे जमणार नाही असं ज्या पोराला वाटतं, किंवा जमलं तरी काय उपयोग असं वाटतं, तेच पोरगं पेन दुसऱ्याच्या हातात देतं. हात कुणाचा हे शोधायच्या आधी हात का सुटला ते बघ.

भावनांकडे बघायला राइनहार्ड पेक्रुन या मानसशास्त्रज्ञांची २००६ सालची मांडणी धर. त्यांच्या मते अभ्यासातल्या भावना दोन हिशोबांतून उगवतात: हे माझ्या हातात किती आहे, आणि याची मला किंमत किती आहे. किंमत मोठी आणि हातात असल्यासारखं अर्धंमुर्धं वाटतंय, तर धास्ती. किंमत मोठी पण हातात काहीच नाही, तर हताशपणा. किंमतच शून्य असली की कंटाळा. काम फार सोपं किंवा फार अवघड असलं तरीही कंटाळाच. तालमीत वस्ताद जोड लावतात तेव्हा हेच बघतात ना? समोरचा इतका जड नको की पोरगं मातीत उतरायच्या आधीच हरेल, आणि इतका हलकाही नको की जांभया येतील.

पेक्रुन आणि सहकाऱ्यांनी २०११ साली यावर प्रश्नावली प्रसिद्ध केली. वर्ग, अभ्यास आणि परीक्षा असे तीन प्रसंग, आणि आनंद, आशा, अभिमान, सुटका, राग, धास्ती, लाज, हताशपणा, कंटाळा या नऊ भावना. ती लांबलचक आहे, सगळी वापरू नकोस. पाच भावना निवड, प्रत्येकीची चार-पाच विधानं घे, म्हणजे वीस-पंचवीसात भागेल. पंधरा मिनिटांच्या पुढे गेलास की मुलं एकाच रांगेत टिकमार्क करत सुटतात.

खरी मेख भाषांतरात आहे. ‘कंटाळा’ हाच शब्द घे. इंग्रजीतला ‘बोअरडम’ म्हणजे समोरच्या गोष्टीत काही रस न उरणं. आपल्याकडे ‘कंटाळा आलाय’ म्हणजे दमलोय, उठवत नाही, आळस आलाय, यातलं काहीही असू शकतं. ‘मला लिहायचा कंटाळा येतो’ यावर पोरानं ‘खूप’ अशी खूण केली तर तू मोजलंस काय? हात दुखतो की विषय निरस आहे? त्याऐवजी ‘निबंधाच्या तासाला वेळ जाता जात नाही’ असं विधान दे. ‘लाज’ तशीच दुहेरी. लाजणं म्हणजे बुजणंही आलं, विशेषतः मुलींच्या बाबतीत. ‘माझा निबंध वर्गात वाचला तर मान खाली जाते’ यात तो गोंधळ होत नाही. ‘अभिमान’ लिही, ‘गर्व’ नको. गर्वाचं घर खाली हे ऐकत वाढलेलं पोर गर्वापुढे कधीच टिक करणार नाही. आणि धास्ती, चिंता, दडपण यांपैकी काय घेऊ म्हणून डोकं खाजवत बसू नकोस. मुलं ‘टेन्शन’ म्हणतात, तूही ‘टेन्शन’ छाप.

भाषांतर दोघांनी वेगवेगळं करावं, मग एकत्र बसून एक करावं, आणि मूळ न पाहिलेल्या तिसऱ्यानं ते उलट इंग्रजीत न्यावं. हे सगळे करतात. पुढची पायरी मात्र गाळतात, आणि तीच मोलाची: सहा-सात मुलांना एकेकटं बसवून ‘हे वाक्य तुझ्या शब्दांत सांग’ म्हणायचं. ‘मला परीक्षेची भीती वाटत नाही’ याला ‘असहमत’ म्हणजे भीती वाटते की नाही, यात मोठी माणसंही अडखळतात. नकारार्थी विधानं सरळ काढून टाक. उत्तरंही ‘सहमत-असहमत’ ऐवजी ‘अजिबात नाही, थोडं, मध्यम, बरंच, खूप’ अशी ठेव.

मग तीस-चाळीस मुलांवर आधी चाचणी घे आणि क्रोनबाकचा अल्फा काढ, म्हणजे एका भावनेची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा. १९५१ पासून हेच माप चालत आलंय, ०.७ च्या आसपास असला तर पुढे जा. ०.९५ आला म्हणून नाचू नकोस. बहुधा तू एकच वाक्य चार वेळा फिरवून विचारलेलं असतंस.

आणखी एक. ‘तुला एरवी कसं वाटतं’ आणि ‘आत्ता कसं वाटतंय’ यांची उत्तरं जुळत नाहीत. २०१३ साली थॉमस गोएट्झ आणि सहकाऱ्यांनी गणिताच्या धास्तीवर हे दाखवलं: एरवीचं विचारलं तर मुली मुलांपेक्षा जास्त धास्ती सांगतात, पण प्रत्यक्ष तासाला किंवा परीक्षेच्या वेळी विचारलं तर तो फरक दिसत नाही. आठवणीतून उत्तर देताना आपण ‘मुलींना गणित जमत नाही’ यासारखे समजही मिसळतो. म्हणून प्रश्नावलीच्या जोडीला हाताच्या पंजाएवढी चिठ्ठी ठेव. तीन प्रश्न, निबंधाचा तास संपायच्या आधी दोन मिनिटं, सलग दहा तास. चिठ्ठ्या तू गोळा करू नकोस. गुण देणाऱ्याच्या हातात ‘मला हा तास नकोसा वाटतो’ असं कोण लिहून देईल? नावाऐवजी खुणेचा अंक, लखोटा बंद, आणि घरच्यांची संमती आधी घे. मुलालाही ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. तपासलेले पेपर वाटलेल्या दिवशी चिठ्ठी देऊ नकोस, त्या दिवशी तू निबंध नाही, गुण मोजशील.

बक्षिसाचं विचारलंयस, त्यावर थोडक्यात. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ साली चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं, बक्षीस न मिळालेल्यांच्या मानानं निम्माच वेळ चित्रं काढण्यात घालवायला लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांच्यात ही घट नव्हती. तेव्हा ‘उत्तम निबंधाला पेन’ अशी पाटी लावू नकोस. तीन विषयांतून एक निवडायला दे, त्यानं जास्त फरक पडेल.

आता हात ओळखण्याकडे. हा वाद आपल्या भाषेला नवा नाही. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंगांचे ज्ञानदेव एकच की दोन, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शाई सांडत आली आहे. नामदेवांच्या गाथेत नंतरच्या ‘विष्णुदास नामा’ या कवीची रचना मिसळलेली आहे. संतांची मुद्रिका, म्हणजे ‘तुका म्हणे’ किंवा ‘एका जनार्दनी’, ही सही खरी, पण नक्कल करायला सगळ्यात सोपीही तीच. म्हणून शैली मोजणारा माणूस पहिल्यांदा मुद्रिका कापून बाजूला ठेवतो. डोळ्यांत भरणारं कुणीही उचलतं. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही ते मोजायचं.

याचा गाजलेला दाखला अमेरिकेतला. १७८७-८८ मध्ये राज्यघटनेच्या बाजूनं एकाच टोपणनावानं पंच्याऐंशी लेख निघाले. त्यांतल्या बारांवर हॅमिल्टन आणि मॅडिसन या दोघांचाही दावा होता. मोस्टेलर आणि वॉलेस यांनी १९६४ साली किरकोळ शब्द मोजून ते मॅडिसनच्या पदरात टाकले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत तीनेक वेळा वापरायचा, मॅडिसन अगदी क्वचित. विचार दोघांचे सारखेच होते, फरक निघाला तो अव्ययात.

आजची सोपी रीत जॉन बरोज यांची, २००२ ची, ‘डेल्टा’ नावाची. सगळ्या मजकुरातले सर्वाधिक येणारे शंभरेक शब्द घ्यायचे, प्रत्येक लेखात प्रत्येकाचं प्रमाण काढायचं, ते सरासरीपासून किती प्रमाण-विचलनं (आकडे किती पसरलेत त्याचं माप) दूर आहे ते बघायचं, आणि दोन लेखांमधल्या या आकड्यांच्या फरकांची, चिन्ह सोडून, सरासरी काढायची. आकडा लहान तर हात जवळचा. ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणक-भाषेत ‘स्टायलो’ नावाचं फुकट पॅकेज आहे, ते हे करून देतं.

पण मराठीत चार ठिकाणी पाय घसरतो. इंग्रजीतले ‘इन’, ‘ऑफ’, ‘टू’ सुटे असतात. आपले ‘त’, ‘चा’, ‘ला’ शब्दाला चिकटतात, आणि ‘च’ व ‘ही’सुद्धा. सुटं राहतं ते पण, परंतु, मात्र, आणि, व, की, तर, म्हणून, असलं थोडंच. म्हणून शब्दांच्या जोडीला चार-चार चिन्हांचे तुकडे मोज, त्यात प्रत्यय आपोआप येतात. दुसरं, पायथन या संगणक-भाषेतला शब्द शोधायचा नेहमीचा नियम काना-वेलांटीला अक्षर मानत नाही, त्यामुळे ‘मराठी’चे ‘मर’ आणि ‘ठ’ असे तुकडे पडतात. उत्तर मात्र टेचात येतं, म्हणून चूक कळत नाही. तिसरं, ‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. पडद्यावर सारखा दिसतो, आत चिन्हं वेगळी. आधी सगळं एकसारखं करून घे, नाहीतर लेखकाऐवजी कीबोर्ड ओळखशील. चौथं, छापील मजकुरात मुद्रितशोधकाचा हात असतो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीचे अनुस्वार नंतरच्या आवृत्तीत गेलेले असतात, म्हणून अनुस्वार किंवा ऱ्हस्व-दीर्घावरून लेखक ठरवायला जाऊ नकोस.

आणि आता तुझ्या निबंधांचं. शैली मोजणारे अभ्यासक माचेय एडर यांनी युरोपीय भाषांवर केलेल्या चाचण्यांत साधारण पाच हजार शब्दांच्या खाली भरवसा घसरायला लागतो. काही मजकुरात दोन हजारांवरही भागतं. नववीचा निबंध दीडशे-दोनशे शब्दांचा. एका निबंधावरून डेल्टा काही सांगत नाही, आणि कुणी सांगतो म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नकोस, चहा पाज आणि वाटेला लाव. वर्षभराचे सगळे जोडलेस तरी प्रकार मिसळतात. ‘मी फाटकी छत्री बोलतेय’ अशा आत्मकथनात ‘मी’ ओसंडून वाहतो, वैचारिक लेखात औषधालाही नसतो. सर्वनामं गाळ, आणि आत्मकथन आत्मकथनाशीच ताडून बघ.

एआय पकडणाऱ्या यंत्रांवर तर विसंबूच नकोस. २०२३ साली अशी सात यंत्रं इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या निबंधांवर लावून पाहिली, तेव्हा माणसांनी लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध सरासरीनं यंत्राचे ठरले. कारण साधं आहे: बेताचे शब्द आणि ठोकळेबाज वाक्यं यंत्राला यंत्रासारखी वाटतात. आणि बेताचे शब्द कोण वापरतं? घरी ‘काय करालाईस’ म्हणणारं आणि वहीत ‘काय करत आहेस’ लिहिताना जपून पाय टाकणारं आपलंच पोर.

म्हणून एका मुलापुरता प्रश्न असेल तर आकडे बाजूला ठेव आणि कच्चा खर्डा माग. पहिला खर्डा वर्गात, वीस मिनिटं, पेननं, खोडरबर नाही. खोडलेलं दिसलं पाहिजे. दुसरा आठवड्यानं, घरी. मग दोन मिनिटं तोंडी: हे वाक्य इथं का घेतलंस, हा शब्द नसता तर काय लिहिलं असतंस? ज्यानं स्वतः लिहिलंय ते अडखळत का होईना दुसरा शब्द शोधतं. ज्यानं गाईडमधून उतरवलंय त्याला त्या शब्दाला पर्याय असतो हेच ठाऊक नसतं. हाही पुरावा नव्हे, नुसती खूण. लाजरं पोरगं स्वतःच्या निबंधावरही गप्प बसतं, म्हणजे हात ओळखतानाही भावना आडवी येतेच. दोन वह्या नकोत म्हणालो ते यासाठी.

मांडणी अशी कर: एका रकान्यात मुलाचा अंक, पुढे दहा तासांचं टेन्शन आणि ‘हातात आहे’ची उत्तरं, मग दोन खर्ड्यांमध्ये किती वाक्यं बदलली, किती जशीच्या तशी राहिली, किती अचानक उगवली. उगवलेली वाक्यं कुठल्या भावनेच्या मुलांकडे जास्त आहेत ते बघ. माझा अंदाज हताशपणाकडे आहे, टेन्शनकडे नाही. टेन्शन असलेलं मूल निदान लिहायला धडपडतं. पण तो अंदाज आहे, तुझे आकडे उलटे आले तर मला आधी कळव.

येशील तेव्हा दहा-बारा खर्ड्यांच्या झेरॉक्स आण, नावं झाकून. विद्यापीठातल्या खर्डेकर ग्रंथालयात बसू. आणि तुझी विधानं टाइप करायच्या आधी मला पाठव, त्यातला ‘कंटाळा’ मी खोडणार आहे.

तुझाच