औषध यादीत आहे, पण केंद्रावर कुठंय?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत टीबीची मेन औषधं आधीपासून आहेत, २०२२ च्या यादीत नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरची बेडाक्विलिन आणि डेलामॅनिड पण आली तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. पण यादीत नाव आलं की किंमतीला लगाम बसतो, गोळी पेशंटच्या हातात पडेलच असं नाही, हे आम्हाला २०२४ च्या मार्चमध्ये कळलं.

धाकट्या भावाच्या टीबीच्या उपचाराचे पहिले दोन महिने संपले होते, पुढचे चार महिने रोज तीन गोळ्या, वजन ४८ किलो म्हणून तीन. आरोग्य केंद्रावरच्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं की एक दिवसाचा पण खाडा नको, अर्धवट सोडलं तर टीबी औषधाला दाद देत नाही. आणि त्याच ताई आता कात्रीने स्ट्रिप कापून सात दिवसांच्या गोळ्या देत होत्या, पुढच्या वेळी तर चारच दिवसांच्या. त्यांचा काय दोष, कपाटच रिकामं. मेडिकलची दुकानं पालथी घातली तर टीबीची तीन औषधं एकत्र असलेली ती सरकारी गोळी कुणाकडेच नाही, शेवटी डॉक्टरांकडून डोस लिहून आणला आणि वेगवेगळ्या स्ट्रिपा घेतल्या, आई रोज सकाळी चष्मा लावून चिठ्ठी बघत गोळ्या मोजायची.

त्याच मार्चमध्ये केंद्र सरकारने राज्यांना कळवलं की तीन महिन्यांची औषधं स्थानिक पातळीवर घ्या आणि नाही जमलं तर पेशंटला पैसे परत द्या. अहो पण ज्याची एक दिवसाची मजुरी बुडाली की घरात चूल पेटत नाही त्याने आधी पैसे आणायचे कुठून?

बेडाक्विलिनचं पेटंट लांबवायचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज २०२३ मध्ये आपल्याकडे फेटाळला गेला, त्यासाठी मुंबईची नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेची फुमेझा टिसिले लढल्या, दोघींचे कान टीबीच्या जुन्या औषधांनी गेलेले. इतक्या कष्टाने स्वस्त झालेलं औषध कपाटात नसेल तर काय उपयोग!

तीन महिन्यांचा साठा प्रत्येक जिल्ह्यात असलाच पाहिजे असं नियमातच लिहा, आणि किती स्टॉक शिल्लक आहे ते रोज केंद्राच्या दारात फळ्यावर लिहा, म्हणजे सात दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी जाणाऱ्याला आठव्या दिवसाचं आधीच कळेल.

– एक वाचक, उल्हासनगर