सिंगापूर खाद्यभ्रमंती सहलीतील सेवेबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग (परदेश सहली)

विषय : ‘खाद्यभ्रमंती’ सहलीत ठरलेली सेवा न मिळाल्याबद्दल, तसेच शाकाहारी प्रवाशाला कोळंबी असलेला पदार्थ खायला दिल्याबद्दल.

महोदय,

सोलापूरच्या एकाच शाळेत शिकलेल्या आम्ही सहा मैत्रिणी गेल्या महिन्यात आपल्या कंपनीमार्फत चार रात्री, पाच दिवसांसाठी सिंगापूरला जाऊन आलो. विमान, व्हिसा आणि हॉटेल यांबद्दल आमची काहीही तक्रार नाही. ‘खाद्यभ्रमंती’साठी म्हणून आपण प्रत्येकीकडून जे १८,५०० रुपये वेगळे घेतले, त्यांबद्दल मात्र आहे, आणि त्याहून अधिक, सहलीच्या दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकीच्या बाबतीत जे घडले त्याबद्दल आहे.

ही आमची मैत्रीण माळकरी आहे. गेली बावीस वर्षे तिच्या गळ्यात तुळशीची माळ असून मांस, मासे आणि अंडी ती खात नाही. आरक्षणाच्या अर्जात तिने हे स्पष्ट लिहिले होते, आणि ‘नोंद घेतली आहे, तेथील मार्गदर्शकाला कळवले आहे’ असे आपल्या कार्यालयाचे ई-मेलने उत्तरही आले होते. त्याची प्रत सोबत जोडली आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मार्गदर्शकाने आमच्यासाठी रोजाक मागवला आणि ‘ही फळांची कोशिंबीर आहे, निर्धास्त खा’ असे तिला सांगितले. काकडी, अननस, तळलेला टोफू, वर शेंगदाण्याचे कूट आणि सगळ्याला माखलेला काळसर, आंबटगोड रस, असा तो पदार्थ असल्यामुळे शंका घेण्याचे कोणालाच कारण वाटले नाही. निम्मी बशी संपल्यावर तिला वास वेगळा जाणवला, म्हणून मी स्वतः स्टॉलवर जाऊन विचारले. तिथल्या वयस्कर बाईंनी जराही आढेवेढे न घेता बरणी पुढे केली. आत आंबवलेल्या कोळंबीची दाट काळी चटणी होती. तिला तिथे ‘हे-को’ म्हणतात आणि चिनी पद्धतीच्या रोजाकची सारी चव तिच्यामुळेच येते. जी गोष्ट एका प्रश्नासरशी मला कळली, ती विचारण्याची तसदी मार्गदर्शकाने घेतली नव्हती. त्याला जाब विचारला तेव्हा ‘थोडीशीच असते’ एवढेच उत्तर मिळाले. पुढच्या थांब्यावर तो तिला लाक्सा, म्हणजे मसालेदार रश्श्यातल्या शेवया, खाऊ घालणार होता. त्याच्या वाटणातही सुकवलेली कोळंबी असते, हे आम्हाला स्टॉलवरच्या त्याच बाईंनी सांगितले.

त्या रात्री ती जेवली नाही. पुढचे दोन दिवस बहुतेक वेळ तिने हॉटेलच्या खोलीत फळांवर काढला, आणि परत आल्यावर पंढरपूरला जाऊन पुन्हा माळ घालून घेतली. या गोष्टीची किंमत कोणत्या रकमेत मांडावी, हे आम्हाला सांगता येत नाही. तिला खाण्यासारखे सिंगापुरात काही नव्हते, असेही नाही. वॉटरलू स्ट्रीटवरच्या कुआन इम मंदिराच्या परिसरात बौद्ध पद्धतीचे शाकाहारी चिनी जेवण सहज मिळते. आपल्या माणसाने तिला तिकडे नेले असते, तर हाच प्रवास तिला आयुष्यभर आनंदाने आठवला असता.

बाकीच्या कार्यक्रमाचीही स्थिती फारशी वेगळी नव्हती. पहिल्या संध्याकाळी लाउ पा सातच्या जुन्या लोखंडी मंडईशेजारी, रस्त्यावर मांडलेल्या टेबलांवर बसून साते, म्हणजे काडीला टोचून भाजलेले मांसाचे तुकडे, खायचे होते; प्रत्यक्षात उशीर झाल्याचे कारण सांगून बसमध्येच जेवणाची पाकिटे वाटण्यात आली. तिसऱ्या दिवशी मॅक्सवेल हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या एका केंद्राला, पोहोचलो, तर ते साफसफाईसाठी बंद होते. अशा बंदच्या तारखा तिथली राष्ट्रीय पर्यावरण संस्था आधीच जाहीर करते, त्यामुळे ही अचानक उद्भवलेली अडचण होती असे म्हणता येणार नाही. जवळच चालत जाण्याच्या अंतरावर चायनाटाउन कॉम्प्लेक्स हे दोनशेहून अधिक स्टॉल असलेले केंद्र आहे. तिकडे न नेता आम्हाला लिटल इंडियातल्या एका भारतीय बुफेला नेण्यात आले, आणि चौथ्या दिवशीही तिथेच. पनीर, डाळ आणि नान यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण ते खाण्यासाठी आम्ही ही सहल निवडली नव्हती, आणि आपल्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता.

त्या माहितीपत्रकात सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाल्याचे ठळक अक्षरांत छापले आहे. रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना सरकारने नळ, गटार आणि छप्पर असलेल्या केंद्रांत आणून बसवले आणि मलय, चिनी, भारतीय असे सगळे लोक तिथे एकाच टेबलाशी जेवू लागले, हे वाचूनच आमच्या मनात ही सहल भरली होती. अशा केंद्रात एका पोटभर बशीला साधारण चार ते सहा सिंगापूर डॉलर पडतात. म्हणजे आमचे १८,५०० रुपये खाण्याचे नव्हते. कुठे जावे, काय मागावे, कोणत्या पदार्थात काय असते हे सांगणाऱ्या जाणकार माणसाचे होते, आणि नेमका तोच आम्हाला मिळाला नाही. आमच्यातल्या एकीला मधुमेह आहे. नुसती ‘कोपी’ मागितली की कंडेन्स्ड मिल्क घातलेली कॉफी येते आणि बिनदुधाची, बिनसाखरेची हवी असल्यास ‘कोपी-ओ कोसोंग’ म्हणावे लागते, हेसुद्धा तिला शेजारच्या टेबलावरच्या एका आजोबांनी शिकवले.

म्हणून आमची मागणी अशी आहे की, खाद्यभ्रमंतीपोटी घेतलेली सहा जणींची एकूण १,११,००० रुपये ही रक्कम आपण पूर्ण परत करावी. त्याखेरीज आमच्या माळकरी मैत्रिणीची कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्याने स्वतंत्र पत्राने माफी मागावी आणि त्या पत्रात तिच्या लेखी सूचनेचे पुढे काय झाले याचा खुलासा करावा. ती सूचना मार्गदर्शकापर्यंत पोहोचलीच नाही, की पोहोचूनही दुर्लक्षित राहिली, हे समजण्याचा तिला हक्क आहे. पैसे परत केले म्हणून हा खुलासा टाळता येईल, असे कृपया समजू नये.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या कारणांवरून आम्ही आमच्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. माहितीपत्रक, पैसे भरल्याच्या पावत्या, आरक्षणाचा अर्ज, ई-मेल आणि बंद असलेल्या मॅक्सवेल केंद्राबाहेर काढलेले छायाचित्र यांच्या प्रती सोबत आहेत.

आपली,
सहाही प्रवाशांच्या वतीने