‘नव्या पॅटर्न’च्या डब्यात जुनी कोडी: जीआरई संचाचे पैसे परत मिळण्याबाबत

सांगली,
दि. ९ जून २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जीआरई तयारी संचातील कालबाह्य प्रश्न, चुकीची उत्तरे व चुकीचे शब्दार्थ, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

फेब्रुवारीत मी रु. ८,४९९ भरून जीआरईचा, म्हणजे परदेशी विद्यापीठांतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचा, आपला तयारी संच घेतला. एक हजार शब्दकार्डांचा डबा, ‘लॉजिक पझल्स’चे जाडजूड पुस्तक आणि ॲपवर दहा सराव परीक्षा. डब्यावर ठळक अक्षरांत छापले आहे, ‘१०० टक्के नव्या पॅटर्ननुसार’. मी इथल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि परदेशात एमएस करण्याच्या प्रयत्नात आहे. दिवस तासांत आणि पेपर तपासण्यात जातो, म्हणून अभ्यास रात्री जेवणे उरकल्यावर, साडेनऊ ते बारा.

पुस्तकातले ४७वे कोडे काढून समोर ठेवा. क, ख, ग, घ आणि च या पाच जणांची सोमवार ते शुक्रवार रोज एक अशी व्याख्याने आहेत. च बुधवारी. क च्या दुसऱ्याच दिवशी ख. ग मंगळवारी किंवा गुरुवारी नाही. घ शुक्रवारी नाही. तर गुरुवारी कोण? आपले उत्तर ‘घ’. क सोमवारी आणि ख मंगळवारी धरले तर ते बरोबरच आहे: घ गुरुवारी, ग शुक्रवारी. पण क गुरुवारी आणि ख शुक्रवारी धरून बघा. ग सोमवारी बसतो, घ मंगळवारी, एकही अट मोडत नाही, आणि गुरुवारचे उत्तर होते ‘क’. तोही पर्यायांत छापलेला आहे! ‘क चे व्याख्यान च च्या आधी आहे’ एवढी एक ओळ हवी होती. ती छापायची राहून गेली असावी.

या एका कोड्यापायी माझ्या दोन रात्री गेल्या. छापील पुस्तक चुकेल असे चटकन मनात येत नाही, आपलीच अट सुटली असेल असे वाटत राहते. शेवटी दोन्ही मांडण्या कागदावर काढून फोटो आपल्या मदत कक्षाला पाठवला. उत्तर आले: ‘प्रिय विद्यार्थी, संकल्पना पुन्हा पाहा व वेळेचे नियोजन करा.’ पुन्हा लिहिले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच, फक्त शेवटी हसरा चेहरा जोडलेला.

खरा घोटाळा पुढेच आहे. असली कोडी जीआरईत विचारतच नाहीत. तो विभाग २००२ मध्ये काढून टाकून त्या जागी लेखनाचा विभाग आणला गेला. आपल्या ॲपवर भरभरून दिलेले विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांची साम्ये ऑगस्ट २०११ मध्ये गेली. सप्टेंबर २०२३ पासून तर परीक्षा एक तास ५८ मिनिटांवर आली आहे: एकच निबंध, शब्दांचे २७ प्रश्न, गणिताचे २७, आणि मधली सुट्टी बंद. आपली सराव परीक्षा अजून पावणेचार तास चालते आणि मध्ये दहा मिनिटे चहाला सोडते. नवा पॅटर्न म्हणतात तो हाच का?

मला कोडी आवडतात, हे कबूल करते. आमच्याकडच्या एमबीए सीईटीला २०० पैकी ७५ प्रश्न तार्किक विचारांचे असतात, तिथे हे पुस्तक उपयोगी पडले असते. पान ११२च्या तळाशी बारीक अक्षरांत ‘सीईटी सेट ७’ असे राहून गेले आहे, त्यावरून ही कोडी कुठून उचलून या डब्यात भरली असतील याचा मला दाट संशय आहे.

आता कार्डे. माझी आई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिला इंग्रजी जेमतेम, पण कार्डामागे मराठी अर्थ छापलेला, म्हणून रोज रात्री ती कार्ड धरायची आणि मी अर्थ सांगायचे. ‘सँग्विन’ आले. मी म्हटले, ‘आशावादी.’ आईने चष्म्यावरून पाहिले आणि कार्ड चुकलेल्यांच्या ढिगात टाकले. मागे छापले होते, ‘रक्तपिपासू’. तो अर्थ ‘सँग्विनरी’चा. मी वाद घातला तर म्हणाली, ‘छापलंय ते खोटं आणि तू खरी?’ माझी शाळाच ती, काय बोलणार! दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ग्रंथालयातला शब्दकोश आणून दाखवला तेव्हा कुठे पटले. मग हट्टाने तपासायला बसलो. ‘नॉइसम’ म्हणजे म्हणे गोंगाट करणारा. खरा अर्थ घाणेरडा, दुर्गंधी सुटलेला. ‘एनर्व्हेट’ म्हणजे उत्साह भरणे. अर्थ नेमका उलटा, गळून जायला लावणे. पहिल्या दोनशे कार्डांत अशी अकरा निघाली. पुढची आठशे तपासायची उमेद राहिली नाही. चुकीचा पाठ झालेला अर्थ डोक्यातून काढायला नवा शब्द शिकण्याच्या दुप्पट कष्ट पडतात. अजूनही ‘सँग्विन’ वाचले की आधी रक्तच दिसते.

ॲपचे गुणही फसवे. सहा शब्दांतून दोन निवडायच्या प्रश्नात दोन्ही बरोबर आले तरच गुण, एक बरोबर आला तर काहीच नाही, असा परीक्षेचा नियम आहे. आपले ॲप त्याला अर्धा गुण देते. त्या हिशेबाने मी १५९वर होते. जीआरई घेणाऱ्या ईटीएस या संस्थेच्या संकेतस्थळावरची मोफत सराव परीक्षा दिली आणि १४९वर आले. डोळे उघडले ते तेव्हा.

माझ्या मागण्या अशा. पूर्ण रु. ८,४९९ परत करावेत. ज्यांनी ज्यांनी हा संच घेतला त्या सगळ्यांना चुकांची दुरुस्ती ईमेलने पाठवावी, कारण त्यांतले कित्येक जण आत्ताही ‘नॉइसम’ म्हणजे गोंगाट असे घोकत बसले असतील. आणि ‘१०० टक्के नव्या पॅटर्ननुसार’ ही ओळ जाहिरातीतून काढावी. शिकवणी क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्या आपल्या विधी विभागाने एकदा वाचाव्यात. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या गावी दावा लावता येतो, त्यामुळे तारखांना सांगलीला आपल्याला यावे लागेल.

डबा परत हवा असेल तर माणूस पाठवा. आईने अकरा कार्डे लाल पेनाने दुरुस्त करून वरच ठेवली आहेत. त्याचे पैसे लावलेले नाहीत.

कळावे.

आपली,
एक ग्राहक

सोबत: पावतीची प्रत, ४७व्या कोड्याच्या दोन मांडण्या, मदत कक्षाची तिन्ही उत्तरे.