शिवणाच्या बाईंना, चारचौघांत

बाई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून लिहितेच आता, आणि मुद्दाम चारचौघांत. तुमचं नाव घालत नाही, रागवाल. आपल्या बालगृहातल्या मुलींना नावाची गरजही पडणार नाही.

आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. वडिलांनी दुसरा संसार थाटला आणि माझी रवानगी लांबच्या एका मामाकडे झाली, सरकारच्या बाल संगोपन योजनेत. मूल संस्थेत न टाकता घरात वाढावं, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. तेव्हा महिन्याला 425 रुपये मिळायचे, आता 2250 झालेत. त्या पैशांत मामा काही श्रीमंत झाला नाही, पण पानात भात वाढताना तो आकडा रोज ऐकवला जायचा. अंथरूण ओलं झालं की उरलेली रात्र मोरीत काढायची. बाकीचं लिहीत नाही.

योजनेतर्फे गृहभेटीला एक साहेब यायचे. पोहे-चहा व्हायचा आणि मामीच्या समोरच मला विचारायचे, "काय बाळ, मजेत ना?" मी मान हलवायचे. मला पाच मिनिटं दाराबाहेर नेऊन हाच प्रश्न विचारावा, असं त्यांना एकदाही सुचलं नाही. असो, त्यांचा फॉर्म भरला गेला. शेवटी 1098 ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला तो शेजारपाजारच्या कुणीतरी. कुणी, ते आजतागायत कळलं नाही. यातले थोडे आभार त्या माणसाचेही.

बाल कल्याण समितीनं बालगृहात पाठवलं तेव्हा मी पाचवीत. तिथे मारहाण नव्हती, पोटभर जेवण होतं. कपड्यांचं मात्र असं, की देणगीचं गाठोडं सुटलं की हाताला लागेल ते आपलं. कुणाच्या तरी लग्नात एकदाच घातलेला, टिकल्या टोचणारा घागरा मी शाळेतून आल्यावर रोज घालायचे. देणारे फोटो काढून जायचे. गणवेश लहान, मधला, मोठा अशा तीनच मापांत यायचा. मी मधली. वर्षानुवर्षं मधलीच.

मग तुम्ही शिवणवर्ग घ्यायला आलात. 15 ऑगस्टसाठी फ्रॉक शिवायचे ठरले आणि आम्हाला रांगेत उभं केलंत. माझी पाळी आली, तुम्ही फीत घेऊन हात पुढे केलात आणि मी सरकत सरकत भिंतीला टेकले. कुणाचाही हात जवळ आला की माझं डोकं आधी खाली जायचं. इतर मावश्या "अगं, खातंय का तुला कुणी?" म्हणायच्या. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत. फीत माझ्या हातात दिलीत, लांब जाऊन स्टुलावर बसलात आणि म्हणालात, "तूच घे. आकडा वाच, मी लिहिते."

मी फीत गुंडाळली आणि वाचलं, "छाती साठ." तुम्ही हसला नाहीत. "फीत पलट गं, ती सेंटिमीटरची बाजू. हत्ती नाहीस तू." मी पलटली. खांद्याचं माप मात्र स्वतःचं स्वतःला घेता येत नाही. तेव्हा तुम्ही विचारलंत, "घेऊ का मी?" आणि मी हो म्हणेपर्यंत थांबलात. मागे रांग खोळंबली होती, तरी थांबलात.

फ्रॉक झाला तेव्हा आतली बाजू उलटून दाखवलीत. "बघ, कापड सोडलंय. वाढलीस की उसवू." पुढच्या वर्षीही मी असणार आहे आणि आजच्यापेक्षा मोठी असणार आहे, हे कुणीतरी धरून चाललं होतं. मला तर तसं वाटत नव्हतं.

हल्ली मला कार्यक्रमांत बोलावतात. "इतकं सोसलंस म्हणून इतकी खंबीर झालीस," असं माईकवरून सांगतात. बाई, डोकं फिरतं माझं. सोसून मी खंबीर झाले नव्हते. चिडकी, खोटारडी आणि सहावीतही अंथरूण ओलं करणारी झाले होते. तुमच्याशेजारी बसून काज-बटणं करता करता हळूहळू झोप लागायला लागली. श्रेय द्यायचं तर त्याला द्या ना, मामीच्या मोरीला कशाला? आजही मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर दचकते. फक्त "मागून येऊ नका" असं तोंडानं सांगता येतं आता.

2018 मध्ये राज्यानं अनाथांना 1 टक्का आरक्षण दिलं. दाखल्यासाठी मीही खेटे घातले. उत्तर मिळालं, वडील हयात आहेत. हो, आहेत हयात. एवढंच काय ते त्यांचं वडीलपण. 18 पूर्ण झाल्यावर बालगृह सुटलं, तेव्हा माझे सगळे कागद तुमच्या कपाटात साड्यांखाली राहिले, म्हणून जीएनएमचा, म्हणजे नर्सिंगचा, प्रवेश तरी हुकला नाही.

आता मुलांच्या वॉर्डात आहे. सुई टोचण्याआधी मी विचारते, "हात धरू का?" सिनियर सिस्टर म्हणतात, वेळ जातो. जातो तर जाऊ दे. खरं तर चांगली माणसं पुष्कळ असतात, पण फोटोत सापडत नाहीत. बालगृहाच्या जुन्या फोटोंत शोधलं मी तुम्हाला. पाहुणे आहेत, हार आहेत, केक आहे. तुम्ही एकातही नाही.

आणि कपडे द्यायला जाणाऱ्यांनो, आधी फोन करून मापं विचारून घ्या. एवढं तरी करा.

बाई, दिवाळीच्या आधी येते. दोन ब्लाऊजपीस आहेत. शिलाई पूर्ण घ्यायची, नाहीतर दुसऱ्या टेलरकडे टाकीन, आधीच सांगून ठेवते. आणि जुन्या मापावर बेतू नका, नाइट ड्युटीनं कंबर सुटलीय.

तुमची विद्यार्थिनी